गाठ आईची, सही कुणाची?

उत्तर गोव्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांच्या 61 वर्षांच्या आईच्या स्तनात गाठ आली, सुईने तुकडा काढून तपासला, तो कॅन्सर निघाला. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. घरच्यांनी आईला ‘साधी गाठ आहे, काढून टाकतात’ एवढंच सांगितलं आहे. भरतीच्या कागदांत इस्पितळाने एक इंग्रजी फॉर्म दिला: तपासून उरलेला गाठीचा भाग गोठवून संशोधनासाठी साठवायला परवानगी हवी. भाऊ म्हणतो, कंपन्या यावर पैसा करतात, सही करू नकोस. काका म्हणतात, शरीराचा तुकडा मागे राहिला तर माणसाला गती मिळत नाही, निदान देवीला कौल लावू. ताईंना स्वतःला वाटतं की उपचार सरकारी योजनेच्या कार्डावर होताहेत, तेव्हा नाही म्हणणं बरं दिसणार नाही. शिवाय तुकडा जपून ठेवला तर उद्या आईच्याच कामी येईल, आणि ‘हे माझ्यातही आहे का’ तेही कळेल. त्यांचा प्रश्न: ‘आईला न सांगता मीच सही करून टाकू का?’

ताई,

तुमच्या पत्रात भाऊ बोलतो, काका बोलतात, डॉक्टर बोलतात, तुम्ही बोलता. जिच्या अंगातून ही गाठ निघणार आहे ती अख्ख्या पत्रात एकदाच बोलते. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून घरी येताना तिने तुम्हाला विचारलं, ‘साध्या गाठीला एवढे फोटो कशाला काढतात गो?’ तुम्ही विषय बदललात. त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. पण त्याआधी गोठवण्याबद्दल तुमच्या मनात जो गुंता झालाय तो सोडवायला हवा. माझी उमेदीची सगळी वर्षं पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेली, आणि हा गुंता मी शिकल्यासवरलेल्या घरांतही पाहिला आहे.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘ऑपरेशन चालू असतानाच फ्रोजनला पाठवू.’ तुम्ही धरून चाललात की फॉर्ममधलं गोठवणं तेच, आणि सही केली नाही तर तेही होणार नाही. तसं नाही. फ्रोजन सेक्शन ही आईच्या स्वतःच्या ऑपरेशनची तपासणी आहे. काखेतली एखादी ग्रंथी काढून थिएटरमधून लगेच पॅथॉलॉजीत जाते. तिथे क्रायोस्टॅट नावाच्या यंत्रात, साधारण उणे 20 अंशांवर, ती कडक करतात, तिचे अतिशय पातळ काप घेतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वीसेक मिनिटांत थिएटरला फोन जातो: ग्रंथीत आजार पोचलाय किंवा नाही. त्यावर सर्जन ठरवतात की काखेतलं आणखी काढायचं की थांबायचं. हे निदानासाठीचं गोठवणं. त्याची परवानगी ऑपरेशनच्या संमतीपत्रातच असते, तुमच्या हातातल्या फॉर्मशी त्याचा काही संबंध नाही.

गाठीचं पक्कं निदान गोठवून होतच नाही. गाठ फॉर्मलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात जाते. पॅथॉलॉजिस्ट तिच्या कडांना रंग लावतात, म्हणजे आजार कडेपर्यंत पोचलाय का ते नंतर दिसतं. मग निवडक काप आगपेटीहून लहान अशा जाळीदार प्लॅस्टिकच्या कॅसेटमध्ये जातात. कॅसेटच्या कडेला नंबर असतो. हाताने लिहायचा तर पेन्सिलने लिहितात, कारण पुढच्या अल्कोहोल आणि झायलीनच्या आंघोळीत पेनाची शाई धुऊन जाते. शेवटी तो तुकडा मेणात बसवला की झाला ‘ब्लॉक’. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन तपासतात. ईआर, पीआर (गाठ संप्रेरकांवर वाढते का) आणि हर-टू (या नावाचं प्रथिन गाठीत जास्त आहे का) या तपासण्या, ज्यांवर आईला कुठलं औषध द्यायचं ते ठरणार आहे, त्याही याच ब्लॉकवर होतात. आणि हा ब्लॉक साध्या खोलीत, कपाटाच्या खणात राहतो. त्याला फ्रीजर लागत नाही.

म्हणजे ‘तुकडा जपून ठेवला तर उद्या आईच्याच कामी येईल’ हे तुमचं म्हणणं खरं आहे, फक्त तो तुकडा हा ब्लॉक आहे. तुम्ही त्या फॉर्मवर सही केली काय, नाही केली काय, ब्लॉक होणारच. पुढे आजार उलटला किंवा नवं औषध आलं, तर डॉक्टर जुना ब्लॉक मागवतील. हर-टूवरचं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध 1998 साली मंजूर झालं. त्याआधी ऑपरेशन झालेल्या बायकांनाही ते चालेल का, हे त्यांचे कपाटातले जुने ब्लॉक काढून बघता येत होतं. ब्लॉकचं आयुष्य किती असावं? 1918 च्या इन्फ्लुएंझात मेलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या फुप्फुसाचा तुकडा असाच फॉर्मलिन आणि मेणात पडून होता. त्यातून त्या विषाणूच्या जनुकांचे तुकडे शास्त्रज्ञांनी मिळवले ते 1997 साली प्रसिद्ध झाले. जवळजवळ ऐंशी वर्षांनी!

मग फॉर्ममधलं गोठवणं कशासाठी? फॉर्मलिन ऊतीचा आकार छान टिकवतं, पण आतले रेणू, विशेषतः आरएनए, बिघडवतं. कुठली जनुकं त्या क्षणी काम करत होती हे ज्यांना शोधायचंय त्यांना ताजा तुकडा लागतो. गाठ शरीरातून सुटली, तिचा रक्तपुरवठा तुटला की मिनिटामिनिटाला त्यात बदल होत जातात. म्हणून थिएटरबाहेर माणूस उभा असतो, तुकडा मिळाला की तो उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, किंवा त्याने गार केलेल्या द्रवात, झटकन गोठवतात आणि पुढे उणे 80 च्या फ्रीजरमध्ये किंवा नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. झटकन का, हे आपल्याकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात ठाऊक आहे: घरच्या फ्रीजरमध्ये हळूहळू गोठलेला बांगडा बाहेर काढला की पाणी सोडतो आणि मऊ पडतो, कारण बर्फाच्या मोठ्या स्फटिकांनी त्याच्या पेशी फाडलेल्या असतात. झटकन गोठवलं की स्फटिक मोठे व्हायला वेळच मिळत नाही.

या कामाची मला मनापासून किंमत वाटते, ती आधीच सांगते, म्हणजे पुढचं माझं बोलणं कुठून येतंय ते कळेल. जगातल्या जनुकांच्या मोठ्या संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचे नमुने फार, आपले फार थोडे. आपल्या बायकांच्या स्तनांचा कॅन्सर आपल्याच बायकांच्या नमुन्यांवर अभ्यासला गेला पाहिजे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ट्यूमरचे नमुने साठवले जातात, चेन्नईत आयआयटी मद्रासमध्ये नॅशनल कॅन्सर टिश्यू बायोबँक आहे, बंगळूरच्या निम्हान्समध्ये 1995 पासून मेंदूच्या ऊतींचा संग्रह आहे. हे सगळं अनोळखी माणसांनी दिलेल्या परवानगीवर उभं आहे. तुमच्या आईने हो म्हटलं तर मला आनंदच होईल. पण ते तिने म्हटलं पाहिजे.

आणि निदानाला पुरून उरलं तरच नमुने साठवणाऱ्या बँकेला, हा क्रम कधीच उलटता कामा नये. पॅथॉलॉजिस्ट आधी आपल्याला लागणारा भाग घेतात, मग उरल्यातून देतात. गाठ अगदी लहान असेल तर चांगली बँक स्वतःहूनच नमुना घेत नाही. फॉर्ममध्ये हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सर्जनना तोंडी विचारा: ‘गोठवायचा भाग कोण कापणार?’ उत्तर ‘पॅथॉलॉजिस्ट’ असंच यायला हवं.

‘हे माझ्यातही आहे का’ हा प्रश्न तुम्ही पत्रात शेवटी घाईघाईने लिहिलाय, पण तुमची झोप त्यानेच उडवली असणार. संशोधनासाठी दिलेल्या नमुन्यातून त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. तिथले निष्कर्ष गटाचे असतात, एकेका माणसाला कळवले जात नाहीत, आणि तिथली तपासणी रुग्णाला रिपोर्ट देण्याच्या दर्जाने केलेली नसते. घराण्यातून येणाऱ्या बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 या जनुकांतले दोष आईच्या साध्या रक्तातून तपासता येतात. त्यासाठी ऑन्कोलॉजिस्टना थेट विचारा: आईला ही तपासणी सुचवाल का? आईकडच्या मावश्या, आजी, मामा, आणि वडिलांकडच्या आत्या यांच्यात कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर झाला होता आणि कुठल्या वयात, ते एका कागदावर लिहून न्या. तपासणी आधी आईची होते, तिच्यात दोष सापडला तर तुमची आणि भावाचीही. भावाचीही, कारण हे जनुक मुलग्यांतूनही पुढे जातं.

आता योजनेच्या कार्डाचं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना असो वा सरकारी इस्पितळातला मोफत उपचार, तो कुणी आपल्यावर केलेला उपकार नाही, आणि त्याची परतफेड आईच्या शरीराने करायची नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं याबद्दल स्वच्छ आहेत: संशोधनाला नकार दिला म्हणून उपचारात फरक पडता कामा नये. ज्या डॉक्टरांच्या हाती आईचा जीव आहे त्यांनीच फॉर्म पुढे केला तर नाही म्हणणं जड जातं, हे मला समजतं. म्हणून मागा की फॉर्मबद्दल उपचार करणाऱ्या टीमबाहेरच्या कुणीतरी समजावावं. कुणी ‘सही नाही तर ऑपरेशनची तारीख पुढे’ असं सुचवलं, तर फॉर्मवर इस्पितळाच्या नैतिकता समितीचा (एथिक्स कमिटीचा) फोन नंबर असतो, तो फिरवा. तो नंबर नसेल तर तो फॉर्म सही करण्याच्या लायकीचाच नाही.

भावाला माझ्या वतीने सांगा की त्याची शंका खोटी नाही. त्याने तुम्हाला पाठवलेली हेन्रिएटा लॅक्सची गोष्ट खरी आहे. 1951 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या प्रयोगशाळेत वाढत राहिल्या, जगभर गेल्या, विकल्या गेल्या. ती त्याच वर्षी वारली. घरच्यांना हे कळायला वीसेक वर्षं लागली, आणि थर्मो फिशर या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली ती 2023 साली. पण अन्याय नेमका कुठे झाला ते भावाने नीट पाहावं. पेशी साठवल्या म्हणून तो झाला नाही, तिला विचारलं नाही म्हणून झाला. आणि आता तुम्ही आईला न विचारता सही करायचं म्हणताय.

एक गोष्ट आईलाही भेडसावू शकते: ‘माझं काहीतरी कुठेतरी जिवंत राहणार का?’ झटकन गोठवलेल्या तुकड्यातल्या पेशी जिवंत नसतात, त्यातून फक्त डीएनए, आरएनए, प्रथिनं मिळतात. पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या तर पद्धतच वेगळी: गोठताना पेशींना जपणारं डीएमएसओसारखं द्रव्य घालून, मिनिटाला साधारण एक अंश अशा संथ गतीने गार करायचं. तुमच्या फॉर्ममध्ये ‘सेल लाइन’ (प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशी) किंवा ‘ऑर्गनॉइड’ (पेशींपासून वाढवलेली ऊतीची इवली प्रतिकृती) असे शब्द आहेत का बघा. असतील तर त्याला वेगळा होकार-नकार मागा. आई ‘तुकडा ठेवा, पण माझ्या पेशी वाढवू नका’ असं म्हणू शकते.

काकांची भीती मी बाजूला सारणार नाही. शरीर अखंड अग्नीला जावं ही इच्छा फार खोलवरची आहे आणि तिला हसणाऱ्याला आपली माणसं कळलीच नाहीत. फक्त काकांना एक माहीत नसावं. बँकेला दिला नाही तर तो तुकडा घरी येत नाही. तपासणी संपून रिपोर्ट लागल्यावर उरलेली ऊती काही आठवडे बरणीत ठेवतात, आणि मग जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून जाळण्यासाठी किंवा खोल पुरण्यासाठी पाठवतात. निदानाचे ब्लॉक तर इस्पितळात वर्षानुवर्षं राहतातच. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजचा दंडक किमान 10 वर्षांचा आहे. म्हणजे ज्या क्षणी आपण ऑपरेशनला हो म्हणतो, त्या क्षणी आईच्या शरीराचा थोडा भाग मागे राहणार हे ठरतंच. काकांना हे शांतपणे सांगा. ऐकून कदाचित ते म्हणतील, जळण्यापेक्षा कुणाच्या कामी आलेलं बरं. कदाचित म्हणतील, जळालेलंच बरं. दोन्हींचा मान राखा.

कौल लावायचा तर जरूर लावा. देवळात बसून पाकळी कुठल्या बाजूने पडते याची वाट पाहताना मन जितकं स्थिर होतं तितकं इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये होत नाही. पण देवीपुढे प्रश्न आईने ठेवावा, तिच्या नावाने, तिला सगळं माहीत असताना. जिला आजार झालाय तिला अंधारात ठेवून तिच्याच वतीने कौल घ्यायचा, हे काकांच्याही मनाला पटणार नाही.

तर आता आई.

कायद्याच्या बाजूने उत्तर छोटं आहे. 61 वर्षांची, शुद्धीवर असलेली, रोज सकाळी चष्मा लावून पेपर वाचणारी बाई. तिच्या वतीने मुलीला सही करता येत नाही. जवळच्या नातेवाईकाची सही चालते ती रुग्ण स्वतः ठरवूच शकत नसेल तेव्हा. शिवाय आयसीएमआरच्या तत्त्वांप्रमाणे नमुना ज्याचा त्याचाच, बँक फक्त सांभाळणारी. ज्याच्या मालकीचा तुकडा त्याला आजाराचं नावही माहीत नाही, अशी संमती ही संमतीच नाही. आणि त्या फॉर्मवर ‘ट्यूमर’, ‘कॅन्सर’ हे शब्द असणारच. आईला न सांगता तिच्याकडून सही घ्यायची तर ते शब्द लपवावे लागतील. तुमच्यासारख्या मुलीच्या हातून ते व्हावं असं मला वाटत नाही.

पण मला कायद्यापेक्षा त्या एका वाक्याची जास्त काळजी आहे. ‘साध्या गाठीला एवढे फोटो कशाला काढतात गो?’ असं विचारणाऱ्या बाईला संशय आलेला असतो. ऑपरेशननंतर केमो निघाली तर केस जातील, रेडिएशन असेल तर आठवडेच्या आठवडे जाऊन बसावं लागेल, शेजारच्या खाटेवरची बाई पहिल्याच संध्याकाळी विचारेल, ‘तुमचा कुठच्या स्टेजचा?’ हे लपत नाही. तिला ते तुमच्याकडून कळावं की शेजारच्या खाटेवरून, एवढंच तुमच्या हाती आहे. घरातले सगळे तिला जपायला म्हणून गप्प आहेत, आणि मला दाट शंका आहे की ती तुम्हाला जपायला गप्प आहे.

कसं सांगायचं? ऑपरेशनच्या आदल्या रात्री नको, त्याच्या दोन-तीन दिवस तरी आधी. घरात गर्दी नसताना, दुपारचं आवरल्यावर. लांब प्रस्तावना नको. तिलाच आधी विचारा: ‘आई, तुला काय वाटतं, ही गाठ कसली?’ ती जे म्हणेल तिथून पुढे जा. ती म्हणाली, ‘मला काय कळतंय, तुम्ही बघा,’ तर विचारा, ‘तुला सगळं ऐकायचंय की डॉक्टरांशी मी बोललेलं पुरे?’ काही माणसांना खरंच ऐकायचं नसतं, तोही त्यांचा हक्क. तिला ऐकायचं असेल तर नाव घेऊन सांगा: कॅन्सर आहे, ऑपरेशन ठरलंय, पुढे काय काय लागेल ते रिपोर्टवर ठरेल, मी बरोबर आहे. मग गप्प बसा. रडू येऊ दे तिला, तुम्हालाही. सांगणं अगदीच जमणार नाही असं वाटलं तर डॉक्टरांना म्हणा, आम्ही खोलीत असताना तुम्ही सांगा.

फॉर्मचा विषय त्याच बसण्यात काढू नका. दुसऱ्या दिवशी काढा. तुमची आई मराठी शाळेत शिकलेली, तेव्हा इंग्रजी फॉर्म तिच्यापुढे ठेवून उपयोग नाही. इस्पितळाकडे मराठीतला फॉर्म मागा. रुग्णाला समजेल त्या भाषेत माहिती देणं हे त्यांचं काम आहे. तो मिळेपर्यंत तुम्ही साध्या शब्दांत सांगू शकता: ‘तपासून उरलेला तुकडा डॉक्टर अभ्यासासाठी गोठवून ठेवू म्हणतात. तू नाही म्हटलंस तरी ऑपरेशन तसंच होईल. तुला त्यातून काही मिळणार नाही. पुढच्या कुणाला कदाचित मिळेल.’ एवढ्यात सगळं आलं.

तिने होय म्हटलं तर होयही सरसकट द्यायची गरज नाही. बऱ्याच फॉर्मांत वेगवेगळ्या चौकटी असतात: फक्त या आजाराच्या अभ्यासासाठी की कुठल्याही, खाजगी कंपनीला देता येईल का, देशाबाहेर पाठवता येईल का, पुढे काही महत्त्वाचं सापडलं तर घरी कळवायचं का. प्रत्येक चौकट वाचून भरा. तिच्या हयातीनंतर कुणाशी संपर्क साधायचा तेही तिलाच विचारून लिहा. पुढे मन बदललं तर नमुना परत घ्यायचा हक्क तिला आहे. फक्त नमुन्यावरची ओळख पूर्ण पुसून टाकली असेल तर तो शोधून काढताच येत नाही, आणि छापून आलेला निष्कर्ष मागे घेता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. पैसे मात्र कुणी मागता कामा नयेत, देऊही नयेत. बाळाच्या नाळेचं रक्त साठवायला वर्षाला फी घेणाऱ्या खाजगी बँका हा वेगळा धंदा आहे, त्याच्याशी याची गल्लत करू नका.

गोव्यापुरती एक गोष्ट मी नेहमी आवर्जून सांगते, कारण बाहेरून आलेले फॉर्म ती धरतच नाहीत. नमुन्यावर नाव नसतं, कोड असतो, ठीक. पण 2011 च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या 15 लाखांच्या आत होती. ‘अमुक गाव, वय 61, स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशनचा महिना’ एवढं कुठे लिहिलेलं राहिलं तर आपल्याकडे नावाची गरजच उरत नाही. दोन फोनमध्ये घर सापडतं. म्हणून विचारा की कोडबरोबर गावाचं नाव बाहेर जाणार आहे का. तालुकाही नको, नुसतं ‘गोवा’ पुरे, असा आग्रह धरा.

आणि दुसरं, विजेचं विचारा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते सांगायला नको. उणे 80 चा फ्रीजर बंद पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर सगळ्यांनी दिलेलं सगळं जातं. 2012 साली अमेरिकेत हार्वर्डशी संलग्न मॅक्लीन इस्पितळाच्या मेंदूपेढीत एक फ्रीजर असाच बंद पडला, गजर झालाच नाही, आणि स्वमग्नतेच्या संशोधनासाठी जपलेले कितीतरी मेंदू खराब झाले. जनरेटर आहे का, गजर रात्री कुणाच्या फोनवर जातो, नमुन्याचे दोन भाग दोन जागी ठेवता का: हे विचारणं उद्धटपणा नाही. चांगली बँक अशा प्रश्नांनी खूश होते.

आणि सांगणं पुढच्या आठवड्याच्या आत जमलंच नाही तर? मग फॉर्मवर ‘नाही’ लिहा आणि मोकळ्या व्हा. ताजं गोठवण्याची वेळ तेवढी निघून जाईल. पण ब्लॉक राहणार आहे, आणि आई बरी होऊन सावरली, तिला सगळं कळलं, की निदानानंतर उरलेल्या ब्लॉकचा अभ्यासासाठी वापर करायचा का हे तिला तेव्हाही विचारता येईल. घाईघाईत चोरून दिलेल्या होकारापेक्षा हा नकार सरळ आहे, त्याचं ओझं बाळगू नका.

या निमित्ताने इतर वाचकांसाठी थोडं, कारण अशी पत्रं मला बरीच येतात. लहान नर्सिंग होममध्ये गाठ काढली की पुष्कळदा बरणी नातेवाईकांच्याच हाती देऊन ‘म्हापशाला लॅबमध्ये द्या’, ‘मडगावला द्या’ असं सांगतात. ती बरणी फॉर्मलिनने भरलेली आहे का विचारून घ्या. गाठीच्या दसपट तरी फॉर्मलिन हवं. सलाइनमध्ये किंवा कोरडी दिली तर तिथेच थांबवून बदलून मागा, तासाभराच्या आत ती फॉर्मलिनमध्ये गेली पाहिजे. आज रविवार, लॅब बंद, म्हणून ती घरच्या फ्रीजरमध्ये ठेवू नका. गोठवलं म्हणजे टिकलं असं वाटतं, पण घरच्या फ्रीजरमध्ये पेशी फाटतात आणि पॅथॉलॉजिस्टला काही वाचता येत नाही. फॉर्मलिनमधली बरणी घट्ट झाकण लावून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी, घरात साध्या तापमानाला ठेवायची आणि सोमवारी सकाळी पोचवायची. बरणीवर, झाकणावर नव्हे, नाव आणि तारीख हवी, आणि डाव्या स्तनाची की उजव्या, तेही.

दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटाला जाणाऱ्यांनी नुसता रिपोर्ट नेऊन चालत नाही, ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही लागतात. ते मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. लॅब अर्ज आणि सही घेऊन देते. तिथे जमा करताना किती ब्लॉक, किती स्लाइड, कुठले नंबर याची पावती घ्या, आणि काम झाल्यावर परत मागा, कारण तेच पुढे लागणार. कोकणकन्या एक्सप्रेसने जाणार असाल तर ब्लॉक हातातल्या पिशवीत ठेवा. गाडीने जाणार असाल तर मे महिन्यात डॅशबोर्डवर किंवा बंद गाडीत सोडू नका, आतलं मेण 60 अंशांच्या आसपास वितळतं.

ताई, तुम्ही मात्र ऑपरेशननंतर घरी सोडताना एक काम विसरू नका. आईच्या फायलीच्या पहिल्या पानावर पॅथॉलॉजीचा नंबर लिहून ठेवा, वर्षासकट. सुईच्या बायोप्सीचा एक असेल, ऑपरेशनच्या गाठीचा दुसरा. आईने संशोधनाला होय म्हटलं असेल तर सही केलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या आणि तीही त्याच फायलीत लावा. आणि फाइल तुमच्या कपाटात नको, आईच्या कपाटात ठेवा.